लाईन आली का जी?

यवतमाळ जिल्ह्यात वीज जात नाही, लाईन जाते. पुण्या-मुंबईकडे लाईट जाते, वर्तमानपत्रात वीजपुरवठा खंडित होतो, पण वणी-पांढरकवड्यापासून पुसद-उमरखेडपर्यंत जाते ती लाईन आणि येते तीही लाईनच. संध्याकाळी पानठेल्यावर माणूस माणसाला आधी विचारतो, "लाईन आली का जी?" बाकीचं बोलणं मग.

हा शब्द काही मंडळींना फार खुपतो. 27 फेब्रुवारी आला, मराठी भाषा गौरव दिन लागला, की शाळा-कॉलेजांत व्याख्यानं होतात आणि फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे दोषी इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांच्याऐवजी वापरायचे शुद्ध मराठी. डाव्या रकान्यात लाईन हमखास सापडते. उजवीकडे रांग, ओळ, रेषा, तार, वाहिनी. वक्ता बाहेरचा असला तर "लाईन गेली" या दोन शब्दांवर तो हशाही मिळवतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. लाईन हा यवतमाळच्या माणसाने राबवून घेतलेला, कमावलेला मराठी शब्द आहे. त्या शब्दाच्या मागे लागू नका. मागे लागायचंच तर त्या शब्दाने इथे ज्या ज्या गोष्टी ओळखल्या जातात त्यांच्या मागे लागा, कारण त्यांतली एकही वेळेवर येत नाही.

आधी शब्दाची वकिली करतो. परका शब्द मराठीत आला की त्याला लिंग द्यावं लागतं. लाईन स्त्रीलिंगी झाली, ती उगाच नाही. ओळ, रांग, रेषा, तार, वीज हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. ज्यांच्या जागी ती आली त्यांचं लिंग तिने घेतलं. मग तिला प्रत्यय लागले. लाईनीत, लाईनीवर, लाईनीले. इंग्रजीत हे काही नाही. ज्या शब्दाला आपली विभक्ती लागते, ज्याच्यावर आपले वाक्प्रचार उगवतात, तो शब्द पाहुणा उरत नाही. उनाड पोरगा लाईनीवर येतो. नोकरी लागलेला पोरगा लाईनीले लागतो. सायबाकडून होकार आला की लाईन क्लिअर मिळते. हा तर थेट रेल्वेच्या सिग्नलवाल्यांचा शब्द, पुढच्या स्टेशनाने गाडी सोडायला दिलेली परवानगी. आज ज्यांनी आयुष्यात सिग्नल केबिन पाहिली नाही तेही तो बिनचूक वापरतात.

आणि लोक हा शब्द डोळे मिटून वापरतात असंही नाही. पऱ्हाटीच्या ओळीला इथला शेतकरी आजही तास म्हणतो. "दोन तासांत किती अंतर ठेवलं?" असंच विचारतो. लग्नात जेवायला बसतात ती पंगत. पंढरीला चालतात ती दिंडी. तिथे लाईनीला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, कारण तिथे आपला शब्द जिवंत होता आणि आपली गोष्टही जिवंत होती. जी गोष्ट सरकारातून, कंपनीतून, तारेतून, रुळावरून आली, तिलाच लोकांनी लाईन म्हटलं. अशी निवड करणाऱ्या माणसाला भाषेची जाण नाही म्हणणाऱ्याने एक हंगाम इथे येऊन राहावं.

गंमत म्हणजे शब्दाचं मूळ खणत गेलं तर ते आपल्याच रब्बीच्या वावरात निघतं. इंग्रजी लाईनचा उगम लॅटिन भाषेतल्या लिनिया या शब्दात. लिनिया म्हणजे जवसाच्या वाखाचा धागा. जवसाला लॅटिनमध्ये लिनुम म्हणत आणि शास्त्रीय नावात ते अजून तसंच आहे, लिनम युसिटॅटिसिमम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सगळ्यांत उपयोगी. रोमन कारागीर हा धागा दोन टोकांना ताणून सरळ रेघ धरत. धाग्याचं नाव त्या रेघेला मिळालं, रेघेचं रांगेला, रांगेचं मार्गाला, आणि शेवटी तारेतून धावणाऱ्या विजेलाही. म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण कळण्याच्या नाहीतर ज्वारीच्या भाकरीशी खातो, त्याच झाडाच्या काडीतून हा शब्द निघाला. लिनन कापडाचं नाव त्याच घराण्यातलं. शिंपी ब्लाऊजला अस्तर लावताना लायनिंग म्हणतो, तेही त्यातलंच, कारण जुन्या काळी अस्तर लिननचं असे.

या मुळाच्या सर्वांत जवळ आज कोण उभा असेल तर आपला गवंडी. भिंत चढवताना तो दोन कोपऱ्यांत दोन विटा आधी बसवतो, त्यांना दोरी गुंडाळून ताणतो, नखाने टिचकी मारून ती कुठे अडकली तर नाही ना हे बघतो आणि मगच मधल्या विटा लावायला घेतो. त्या दोरीला तो लाईनदोरी म्हणतो. पंडित याला द्विरुक्ती म्हणतील. मला तो सगळ्या कोशांहून अचूक शब्द वाटतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा धागा आणि आजची दोरी, दोन्ही एका शब्दात बांधून ठेवलेत त्याने, आणि भिंतही सरळ ठेवली.

एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणं हा दोष नव्हेच. ऑक्सफर्डचा मोठा कोश तयार करणाऱ्यांनी इंग्रजीतल्या रन या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ मोजले. त्याला कोणी इंग्रजीची दुर्दशा म्हटलं नाही. आपल्या लावणे या क्रियापदाचे अर्थ कोणी मोजायला बसलं तर पोरगं कॉलेजातून बाहेर पडेल. दिवा लावतो, रोप लावतो, नंबर लावतो, वेळ लावतो, लळा लावतो. मग लाईनीवरच एवढा राग का?

आता वकिली पुरे. लाईनीने काय काय दिलं आणि काय दिलं नाही, तो हिशेब मांडायचा आहे.

यवतमाळला लाईन हा शब्द आला तो रुळावरून. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची नॅरोगेज लाईन 1903 साली सुरू झाली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा कारभार. हेतू एकच, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायचा, तिथून मुंबईच्या बंदरावर आणि तिथून मँचेस्टरला. पुढे या लाईनीवर धावलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरातच 1921 साली घडलेलं, आणि 1994 पर्यंत ते धावलं. लोकांनी गाडीला शकुंतला म्हणून आपलंसं केलं. देशभरातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तेव्हाही ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या वाटेवरच्या गरीब माणसाची ती गाडी होती. बाजाराला जाणारी बाई, दवाखान्यात जाणारा म्हातारा, कॉलेजचं पोरगं, सगळ्यांना परवडणारी. गाडी थांबली ती थांबलीच. कापूस न्यायचा होता तोवर इंग्रजाने डोंगर फोडून रूळ टाकले. माणसं न्यायची वेळ आली तेव्हा लाईन तोट्यात निघाली. एका जिल्ह्याबद्दलचं धोरण याहून स्पष्ट कोणत्या कागदावर लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरी लाईन वर्धा-यवतमाळ-नांदेड. 284 किलोमीटर, ब्रॉडगेज, मंजुरी 2008-09 सालची. यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. चाळीसेक किलोमीटरचा तुकडा आणि मध्ये पंधरा वर्षं. ज्या वर्षी मंजुरीच्या आनंदात फटाके फुटले त्या वर्षी जन्मलेलं पोरगं दहावीला बसायला आलं तेव्हा गाडी कळंबला पोचली. 1903 साली यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर रूळ टाकणाऱ्यांकडे ना जेसीबी होता ना उपग्रहाचा नकाशा. त्यांना घाई होती, हाच काय तो फरक. आमच्या लाईनीची घाई कोणालाच नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती कोणत्याही एका पक्षाविरुद्ध नाही. मंजुरीपासून आजवर दिल्लीत आणि मुंबईत सगळ्यांचीच सरकारं येऊन गेली.

पण रेल्वेची लाईन उशिरा आली तर माणूस एसटीने जातो. मोटरीची लाईन आली नाही तर तो काय करतो?

हा प्रश्न ज्याला हलका वाटतो त्याने महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचं नाव ऐकलेलं नसावं. साहेबराव करपे तिथले शेतकरी. गावचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे, चाळीस एकरांच्या घरातले. थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली, डोळ्यांदेखत उभा गहू वाळला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. 19 मार्च 1986 रोजी पवनारजवळ साहेबरावांनी पत्नी मालतीताई आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांचा इतिहास सांगताना पहिली नोंद याच घराची होते. आज दर 19 मार्चला त्यांच्या आठवणीत राज्यभर अनेक लोक दिवसभर उपाशी राहतात. चाळीस एकरवाल्याची ही गत, तर दोन एकरवाल्याची कोणी विचारायची? लाईन कापली, एवढे दोन शब्द पुरतात इथे. ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

एका माणसाच्या मरणाला एकच कारण कधी नसतं, हे मी जाणतो. कर्ज असतं, भाव असतो, पाऊस असतो, घरातलं दुखणं असतं. पण विहिरीत पाणी आहे, मोटर आहे, पाईप आहे, पीक समोर उभं आहे आणि फक्त लाईन नाही, या असहायतेसारखी दुसरी असहायता शेतीत मला दिसत नाही. पाऊस देवाच्या हाती म्हणून माणूस मन मारतो. लाईन तर माणसाच्या हाती आहे.

आणि लाईन आली तरी येते कधी? शेतीच्या थ्री-फेजचं वेळापत्रक असतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर काय करावं लागतं, ते बघायचं असेल तर डिसेंबरात कोणत्याही शिवारात जा. माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. विहिरीवरच्या पेटीचं दार उघडून आधी बघतो, तिन्ही दिवे लागले का. दोनच लागले तर एक फेज गेली. आता चालू केली तर मोटर जळते. मग डीपीपर्यंत चालत जायचं. डीपीच्या पेटीला दार नसतं, असलं तर कडी नसते. फ्यूज उडालेला दिसतो. खरं तर लाईनमनला फोन करायचा, पण त्याच्याकडे कितीतरी गावं आणि रात्रीचे दोन वाजलेले. म्हणून काडीने, चिमट्याने, सुक्या लाकडाने शेतकरी स्वतःच तार टाकतो. तिथे दरवर्षी माणसं चिकटून मरतात. तार टाकून परत आला की स्टार्टर दाबतो, मोटर घुरघुरते, पाणी पाटात येतं आणि तो गुडघ्याएवढ्या गारठ्यात दांड फोडत राहतो. पायाखाली साप असू शकतो, वाफ्यात रानडुक्कर. पांढरकवडा-राळेगाव भागात तर काही वर्षांपूर्वी वाघीण होती. टी-वन, जिला अवनी हे नाव पडलं. तेरा माणसांचे बळी तिच्या नावे लावले गेले आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तिची दहशत होती त्या काळातही त्या भागात लाईन रात्रीची येतच होती. देशभर वाघिणीवर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण माणूस रात्री वावरात गेला का, हे विचारणारे फार थोडे निघाले.

त्यातूनच पुढचा अनर्थ होतो. डुकरांपासून पीक वाचवायला कोणी कुंपणाच्या तारेत लाईन सोडतो. ती लाईन डुक्कर ओळखत नाही आणि माणूसही ओळखत नाही. शेजारचा शेतकरी जातो, गुराखी जातो, वाघ जातो, आणि लाईन सोडणारा जेलात जातो. हे चूक आहे, गुन्हा आहे, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण दिवसा पाणी देता आलं असतं, जंगलाकडच्या वावरांना सरकारी खर्चाने नीट कुंपण मिळालं असतं, तर हे प्रकार किती कमी झाले असते ते वनखात्यालाही माहीत आहे.

आता शुद्ध शब्दांकडे वळू. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे झाले आणि महावितरण कंपनी आली. लाईनमनला जनमित्र हे नाव मिळालं. लाईनीला वाहिनी हा शब्द आधीच होता, तो योजनांच्या नावात गेला. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 2023 साली तिचाच दुसरा टप्पा. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. हेतूबद्दल माझा वाद नाही. उलट मला वाटतं की गेल्या कित्येक वर्षांत शेतीच्या विजेबद्दल सुचलेली ही सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे. गावाजवळ सौर पॅनल, तिथूनच गावाच्या फीडरला वीज, आणि ऊन दिवसाच असल्यामुळे पाणीही दिवसाच. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिलही माफ झालं. पण माफ झालेलं बिल आणि मध्यरात्री येणारी लाईन यांत शेतकऱ्याला निवड दिली, तर तो काय म्हणेल? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं, बिल घ्या, पण लाईन दिवसा द्या. जनमित्र हा शब्द गोड आहे. मात्र त्या जनमित्राला रबरी हातमोजे, झुला आणि मदतीला एक माणूस मिळतो का, हे आधी पाहा. 4 मार्चला लाईनमन दिवस पाळतात. खांबावर चढणाऱ्या त्या माणसाचा सत्कार जरूर करा, पण त्याच्या वाट्याची गावं कमी करा आणि रिकाम्या जागा भरा. गावात त्याला शिव्या मिळतात त्या त्याच्या नसतातच. वरच्यांच्या त्या, त्याच्या पदरात पडतात.

लाईनीचा पुढचा अर्थ कापसाने शिकवला. यवतमाळ म्हणजे पांढऱ्या सोन्याचा जिल्हा, हे भाषणात म्हणतात. 1972 साली राज्याची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा जिनिंगसमोर बैलगाड्यांच्या लाईनी लागायच्या. आज सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या केंद्रासमोर पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात. वाहन बदललं, लाईन तीच. शेतकरी रात्री कापसाच्या गाठोड्यावरच झोपतो, कारण लाईन सोडून गेला की नंबर गेला. वाहन भाड्याचं असतं आणि उभ्या वाहनाचंही भाडं चढतं. सकाळी ग्रेडर येतो, ओलाव्याचं यंत्र कापसात खुपसतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला कपात, 12 च्या वर गेला तर परत जा. आता विचार करा, रात्रभर उघड्यावर दव खाल्लेल्या कापसाचा ओलावा वाढेल की कमी होईल? लाईनीत उभं केलं त्यांनीच, आणि लाईनीने वाढवलेल्या ओलाव्याची कपातही त्यांचीच. परत फिरलेली गाडी शेवटी व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. तो भाव त्या यंत्राच्या आकड्यावर अडतो.

मग कोणीतरी ठरवलं की लाईनीवर उपाय ऑनलाईन. कापूस विकायला आता कपास किसान नावाच्या ॲपवर नोंदणी करायची, स्लॉट घ्यायचा आणि त्या दिवशी जायचं. कल्पना बरी आहे. पण आधीच्या ऑनलाईनचा अनुभव विसरता येत नाही. 2017 सालच्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाईन होता, आणि तो भरायला नवरा-बायकोला अंगठा द्यायला सोबत सेवा केंद्रावर जावं लागत होतं. ऐन खरिपाच्या हंगामात मजुरी पाडून लोक केंद्रांसमोर उभे होते. कुणाचा अंगठा उमटत नव्हता, कारण निंदण-डवरणी करून हाताच्या रेघा झिजलेल्या. ऑनलाईनसाठीची लाईन ऑफलाईनहून लांब होती. ई-पीक पाहणीचंही तेच. वावरात उभं राहून फोटो काढायचा आणि टिपेश्वरच्या जंगलाकाठच्या गावात रेंज शोधायला टेकडीवर जायचं. ऑनलाईन करणे हे इथे एक क्रियापद झालं आहे. "सातबारा ऑनलाईन केला का?" "केवायसी ऑनलाईन झाली का?" प्रत्येक वेळी करणारा शेतकरीच, आणि चूक झाली तर दोषही त्याचाच.

सरकारी कचेरीतल्या दोन लाईनी तर शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याला मिळते ती डेडलाईन. खात्याला लागते ती गाईडलाईन. पीकविम्यात 2024-25 पर्यंत नियम होता, नुकसान झालं तर 72 तासांत कळवा, ही शेतकऱ्याची डेडलाईन. घरात पाणी शिरलेलं असो की रस्ता वाहून गेलेला असो, 72 तास म्हणजे 72 तास. पण भरपाईची रक्कम कधी येणार असं विचारलं की उत्तर मिळतं, वरून गाईडलाईन आली नाही. तिला तासांची मुदत नसते. माझी साधी मागणी आहे. ज्या कागदावर शेतकऱ्याची डेडलाईन छापली जाते त्याच कागदावर, त्याच टाइपात, अधिकाऱ्याची डेडलाईनही छापा. उशीर झाला तर व्याज द्या. बँक आमच्याकडून घेतेच की.

लाईनीचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त लागतो. सोयरीक ठरवायला लोक बसतात. चहा होतो, पोरीकडचा मामा विचारतो, "पोरगा कोणत्या लाईनले हाय?" मेडिकल लाईन, टीचर लाईन, पोलीस लाईन, मोबाईल दुरुस्तीची लाईन, काहीही चालतं. पोरगा शेती करतो म्हटलं की बोलणं आटोपतं. शेतीला लाईन म्हणतच नाहीत. ती काही लाईन नव्हे, म्हणजे तीत धड पुढे जाणं नाही, असा त्याचा अर्थ. पस्तिशी गाठलेली, निर्व्यसनी, कष्टाळू पोरं गावोगाव बिनलग्नाची बसलेली आहेत. मुलींना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या आईला रात्री दोन वाजता बापाची वाट बघत जागताना पाहिलेलं आहे. पण ज्या जिल्ह्याची सगळी कमाई मातीतून निघते त्या जिल्ह्यात मातीत राबणं ही लाईन ठरू नये, इतपत आपण आलो आहोत. त्यावर विधानसभेत लक्षवेधी मांडता येते. मांडा.

भाषेचीच काळजी असणाऱ्यांना एक आठवण देतो. जानेवारी 2019 मध्ये 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच यवतमाळात भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला बोलावलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतलं गेलं, आणि ती गोष्ट मला तेव्हाही लाजिरवाणी वाटली, आजही वाटते. मग उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ती पत्नी. तिच्या भाषणाने मांडवातली साहित्यिक मंडळी गप्प झाली. ती आपल्या गावच्या बोलीत बोलली. मराठी कशी बोलावी याचा धडा त्या दिवशी व्यासपीठाने घेतला, दिला नाही. म्हणून 27 फेब्रुवारीच्या वक्त्यांना सांगणं आहे की त्यांनी फळ्यावर रकाने आखण्याआधी ते भाषण पोरांना ऐकवावं.

शिक्षकांना एक विनंती. "काल रात्री लाईन नव्हती म्हणून अभ्यास झाला नाही," असं पोराने निबंधात लिहिलं तर लाईनखाली तांबडी रेघ ओढू नका. वाक्य बरोबर आहे आणि खरंही आहे. आणि मराठीचा नवा कोश करणाऱ्यांनी लाईन हा शब्द घ्यावा, त्याचं लिंग लिहावं, आणि यवतमाळकडचा अर्थ, वीज, त्यात नक्की द्यावा. उदाहरण हवं असेल तर पानठेल्यावरून कितीही मिळतील.

राहिली महावितरण आणि मंत्रालय. तुमच्याकडे वाहिनी हा सुंदर शब्द आहे, योजना आहे, ऊन तर यवतमाळात मोप आहे. आठ तास थ्री-फेज द्या, आठवड्याचे सातही दिवस द्या, सूर्य असताना द्या, आणि 2023 सालच्या योजनेतून जिल्ह्यातले किती फीडर आजवर दिवसाचे झाले याची यादी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. एवढं झालं की त्या विजेला वाहिनी म्हणायचं की लाईन, ते आमचं आम्ही ठरवू.